साठीच्या अलीकडचे म्हातारपण

(बी. कॉम. भाग 2, मराठी विभाग)

वाणिज्य शाखेत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याची 'घसारा' या शब्दाशी पहिल्याच वर्षी गाठ पडते. यंत्र विकत घेतले की त्याचे आयुष्य किती वर्षांचे हे आधी ठरवायचे. मग दरवर्षी त्याच्या किमतीतून ठराविक हिस्सा वजा करायचा, आणि घसारा निधीची पद्धत असेल तर तेवढी रक्कम बाहेर गुंतवीत जायचे, म्हणजे यंत्र मोडीत निघेल त्या दिवशी दुसरे घेण्यास पैसा हाताशी असतो. हे गणित आम्ही वहीत शंभर वेळा सोडविले आहे. मागाचा घसारा असा बिनचूक मांडला जातो. त्या मागापाशी बारा तास उभा असलेला माणूसही दरवर्षी थोडाथोडा झिजतच असतो; त्याचा घसारा कोणत्या वहीत लिहिला जातो, हा प्रश्न मात्र मला पाठ्यपुस्तकात आढळला नाही. तो पडला तो सुरतेत, लिंबायत भागात.

आमचे थोरले काका मूळचे इचलकरंजीचे. आजीच्या माहेरची भाषा कन्नड, घरात दोन्ही भाषा चालतात, आणि धंदा पिढीजात मागाचा. 1994 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते जॉबर म्हणून सुरतेला गेले आणि तेथेच राहिले. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तीन आठवडे त्यांच्याकडे होतो. रेल्वेच्या रुळांखालचा गरनाळा (भुयारी रस्त्याला तेथे गरनाळा म्हणतात) ओलांडून पूर्वेकडे गेले की लिंबायत लागते. दुकानांच्या पाट्या गुजरातीत आणि नळावरची भांडणे अहिराणीत. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेल्या खानदेशी लोकांची ही वस्ती. 1972 च्या दुष्काळानंतर तिकडून माणसांची रीघ लागली असे जुने लोक सांगतात. तेलुगू विणकरही पुष्कळ आहेत. सुरत महानगरपालिका गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालविते, यावरूनच या शहराची घडण लक्षात यावी. 1961 च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या 2 लाख 88 हजार होती; 2011 साली ती 44 लाख 67 हजार झाली. हद्दवाढ जमेस धरली तरी पन्नास वर्षांत पंधरापट वाढ ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

अशा शहराचे एक वैशिष्ट्य असे की ते आकड्यांत कायम तरुण दिसते. 2011 च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण देशात 8.6 टक्के होते, महाराष्ट्रात 9.9, आपल्या कर्नाटकात 9.5 आणि गुजरातेत 7.9. जेथे दरवर्षी बाहेरगावचे तरुण येऊन मिळतात तेथे वृद्धांचा टक्का खाली राहणारच. शिवाय काम होईनासे झालेला माणूस गावी परत जातो, तो गावच्या वृद्धांत मोजला जातो. परंतु 1985 ते 1995 या काळात पंचवीस वर्षांचे असताना आलेले जे लोक परत गेले नाहीत, ते आता पंचावन्न ते पासष्ट या वयात आहेत. सुरतेच्या यंत्रमागांवर आयुष्य काढलेली ही पहिली मोठी पिढी एकदमच म्हातारी होऊ लागली आहे. शासनाच्या तज्ज्ञगटाच्या अंदाजाप्रमाणे 2036 साली देशात साठीवरील लोक सुमारे पंधरा टक्के असतील. तो अंदाज कसा दिसेल हे पाहावयाचे असल्यास लिंबायतच्या एखाद्या गल्लीत सायंकाळी ओट्यावर बसावे.

म्हातारपण केव्हा सुरू होते? कायद्याचे उत्तर सोपे आहे, साठाव्या वर्षी. 1999 च्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरणात हाच आकडा आहे. अर्थात हे आकडे निसर्गाने दिलेले नव्हेत. जर्मनीत बिस्मार्कच्या काळी 1889 साली पहिला वृद्धापकाळ विमा आला तेव्हा वय 70 धरले होते. 1916 साली ते 65 वर आणले. माणसांची शरीरे त्या सत्तावीस वर्षांत काही बदलली नव्हती. जो हिशेब सरकारला परवडतो त्यावरून वय ठरते.

आणि कागदावरचे वय तरी कितपत खरे असते? काकांच्या शेजारी अमळनेरकडचे एक आबा राहतात. त्यांची जन्मतारीख 1 जून. त्यांच्या धाकट्या भावाचीही 1 जून, आणि समोरच्या खोलीतल्या नानांचीही 1 जून. खेड्यात शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. मुलाला नाव घालायला आणले की गुरुजी त्याच्या उंचीकडे पाहून वर्ष लिहीत आणि तारीख सरसकट 1 जून टाकीत. आपल्याकडेही असे लोक घरोघरी सापडतील. पन्नास वर्षांपूर्वी एका गुरुजींनी अंदाजाने मांडलेल्या आकड्यावर आज आबांची पेन्शन सुरू व्हायची की नाही हे ठरते. आबा म्हणाले, "गुरुजींनी तेव्हा दोन वरसं जास्त लिहिली असती तर बरं झालं असतं, पोरा." त्यांना यात काही गंमत वाटत नव्हती, खरोखरच ते हिशेब करीत होते.

आता काकांचे सांगतो. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत 'खाते' म्हणतात, आणि मागाला 'सांचा'. पाळी बारा तासांची. मजुरी मीटरवर. सुरतेत कृत्रिम धाग्याचे काम अधिक, त्यामुळे सूतगिरण्यांत कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा जो आजार होतो त्याची भीती येथे कमी. येथला खरा शत्रू आवाज. डेसिबल हे आवाज मोजण्याचे माप साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दसपट होते. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांच्या कामासाठी 90 डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. आवाज 95 असेल तर चारच तास, 100 असेल तर दोनच तास. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये 95 च्या पुढचा आवाज ही नित्याची गोष्ट आहे. म्हणजे चार तासांची जागा, आणि पाळी बारा तासांची. कायद्याला हे ठाऊक नाही असेही नाही. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांची वर्दी देणे बंधनकारक आहे अशा रोगांच्या यादीत, घातला गेला, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही तो आहे.

हा बहिरेपणा एकदम येत नाही. प्रथम 4000 हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर जातात. त्यामुळे सुरुवातीला माणसाला आपल्याला कमी ऐकू येते असे वाटतच नाही. समोरचे लोक नीट बोलत नाहीत असे वाटते. स, श, त, थ ही व्यंजने विरून जातात, स्वर तेवढे उरतात. काकू याच कारणाने कित्येक वर्षे काकांवर चिडत असे, की हे मुद्दाम ऐकत नाहीत. खात्यात तर कोणीच कोणाचे ऐकत नसते. तेथे ओठांच्या हालचालीवर आणि हाताच्या खुणांवर सारे चालते, त्यामुळे कान गेला तरी खात्यात अडत नाही. अडते ते बाहेर आल्यावर.

बावन्नाव्या वर्षी काकांचे गुडघे गेले. सांच्यांच्या रांगेत बारा तास येरझाऱ्या घालणे होईना. शेवटची अठरा वर्षे ते एकाच खात्यात होते. शेठने हिशेब म्हणून वीस हजार रुपये हातावर ठेवले आणि सांगितले, "बरे वाटले की या." मी वाणिज्याचा विद्यार्थी, म्हणून हा हिशेब कायद्याप्रमाणे काय झाला असता तो एका रात्री काकांच्या ओट्यावर बसून मांडला. तो येथे देतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो उपयोगी पडेल.

ग्रॅच्युइटीचा कायदा 1972 चा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, पाच वर्षे सलग नोकरी झाली असता, दर वर्षामागे पंधरा दिवसांची मजुरी. महिना सव्वीस दिवसांचा धरावयाचा. मीटरवर काम करणाऱ्यालाही ती लागू आहे, त्याची मजुरी शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरीने काढतात. काकांची सरासरी 15,600 रुपये. त्याला 26 ने भागून 15 ने गुणले की 9,000, आणि अठरा वर्षांचे 1 लाख 62 हजार. दुसरे, कर्मचारी पेन्शन योजना, 1995 ची. शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी (सप्टेंबर 2014 पासून कमाल 15,000 धरतात) गुणिले नोकरीची वर्षे, भागिले 70. काकांची साठ महिन्यांची सरासरी 14,000 धरली तर 14,000 गुणिले 18, भागिले 70, म्हणजे दरमहा 3,600 रुपये, अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मरेपर्यंत. पश्चात पत्नीला निम्मे. तिसरे, राज्य कामगार विमा. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाकाठी 120 रुपये भरून स्वतःला व पत्नीला औषधोपचार घेता येतो. महिन्याला दहा रुपये!

हे सारे वाचून काका म्हणाले, "हे गिरणीवाल्यांचं. आपलं नाही." त्यांचे म्हणणे कायद्याने चूक होते आणि व्यवहारात बरोबर. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा वीस कामगारांच्या आस्थापनेला लागू होतो, विमा व ग्रॅच्युइटी दहांच्या. त्यांच्या खात्यात दोन पाळ्या मिळून तिसाहून अधिक माणसे होती. पण एकाच छपराखाली तीन वीजमीटर, तीन नावे, आणि प्रत्येक नावावर आठनऊ माणसे. हजेरीपत्रकात तर त्याहूनही कमी. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या, त्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 'कारखाना' म्हणण्यासाठी लागणारी संख्या दहावरून वीस झाली आहे. म्हणजे आवाजाच्या मर्यादेसारखे जे नियम केवळ कारखान्याला लागतात त्यांतून बाहेर राहणे आणखी सोपे झाले.

येथे शेठची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख एकांगी होईल. हा शेठ म्हणजे कोणी गिरणीमालक नव्हे. तो व्यापाऱ्याचा धागा घेऊन मीटरच्या दराने कापड विणून देतो. दर व्यापारी ठरवितो. त्याने एकट्याने निधी आणि विमा भरावयाचे म्हटले तर पगारावर सुमारे सोळा टक्के बोजा वाढतो, शेजारचा खातेवाला तो भरत नाही, आणि काम शेजाऱ्याकडे जाते. तेव्हा एकेका मालकाच्या चांगुलपणावर हा प्रश्न सुटणारा नाही. मुंबईच्या गिरणीत कामगाराला फंड आणि ग्रॅच्युइटी होती ती गिरणीमालक दयाळू होते म्हणून नव्हे, तर हजारो माणसे एका दरवाजातून आत जात होती म्हणून. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथे विणले जाऊ लागले. कापड तेच राहिले, फक्त त्याच्या किमतीतून म्हातारपणाचा हिस्सा गळाला.

आता काही जण म्हणतील की असंघटित कामगारांसाठी शासनाच्या योजना आहेत ना? आहेत, आणि त्या मी एकेक करून पाहिल्या. 2015 ची अटल पेन्शन योजना: प्रवेशाचे वय 18 ते 40. फेब्रुवारी 2019 ची श्रमयोगी मानधन योजना: प्रवेशाचे वय तेच. काका 2015 साली सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी 2010 ची स्वावलंबन योजना साठीपर्यंतच्या लोकांना घेत असे, पण ती लिंबायतच्या गल्लीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिच्या जागी अटल योजना आली. ऑगस्ट 2021 चे ई-श्रम कार्ड 16 ते 59 वयाच्या लोकांना मिळते. काकांकडे ते आहे, प्लास्टिकमध्ये घालून ठेवले आहे. त्याने पेन्शन मिळत नाही. सत्तर पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार मिळतो, तोही इस्पितळात दाखल झाल्यावरचा. गुडघे आणि कान यांसाठी माणूस दाखल होत नाही. म्हणजे चाळिशीला एक दार बंद होते आणि साठीला दुसरे किलकिले होते. मधल्या वीस वर्षांतच तर यंत्रमाग कामगार मोडतो.

जपानमध्ये एप्रिल 2000 पासून वृद्धांच्या शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आहे. त्याचा हप्ता सुरू होतो तोही चाळिसाव्या वर्षी. त्यांचे दार ज्या वयाला उघडते त्याच वयाला आपले लागते, हे वाचून मला आश्चर्य वाटले. जपान श्रीमंत देश आहे, त्याची बरोबरी करावी असे मी म्हणत नाही. पण चाळिशी हे वय कशासाठी योग्य आहे एवढे तरी त्यावरून शिकता येईल.

साठीनंतरचे किलकिले दारही सर्वांना सारखे नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनचा वाटा 1995 मध्ये 75 रुपये होता, पुढे 200 झाला, आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या लोकांसाठी तो अजून 200 च आहे. वरची भर राज्ये घालतात. गुजरातेत ही रक्कम 1,000 होते, पण त्यासाठी दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव लागते. निराधार वृद्धांसाठी राज्याची दुसरी योजना आहे. तिला दहा वर्षे गुजरातेत वास्तव्य लागते आणि एकवीस वर्षांवरील मुलगा नसावा लागतो. मुलगा पोसतो की नाही, हा प्रश्न फॉर्मवर नाही. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत 2023 पासून 1,500 रुपये मिळतात, वय 65, आणि पंधरा वर्षे महाराष्ट्रात वास्तव्य. शेजारच्या आबांची गोष्ट अशी की त्यांना दोन मुलगे आहेत, म्हणून ते गुजरातेत निराधार ठरत नाहीत. आणि तीस वर्षे सुरतेत राहिल्याने अमळनेरला परत गेले तरी महाराष्ट्राचे रहिवासी ठरत नाहीत. आबा सहासष्ट वर्षांचे आहेत. ते पहाटे चारला उठून भाजीमार्केटात पोती उतरवितात, कारण एवढ्या पहाटे त्या कामाला तरुण मिळत नाहीत.

काकांनी खाते सोडल्यावर रिंग रोडवरच्या एका कापडाच्या गोदामावर वॉचमनची नोकरी धरली. लिंबायतमध्ये पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला मिळण्यासारखे काम म्हणजे बहुतेक हेच: रात्रीचे बारा तास, एक खुर्ची, एक बॅटरी. गुडघ्यांना ते झेपले. पण वॉचमनला लागतो तो कान. रात्री दोन वाजता माल भरलेला टेम्पो येऊन हॉर्न वाजवीत उभा राही आणि काका पाठमोरे बसलेले असत. दोनदा ताकीद मिळाली, तिसऱ्यांदा, गेल्या फेब्रुवारीत, खुर्ची दुसऱ्याला दिली. पहिल्या कामाने जे घेतले त्यावाचून दुसरे काम होत नाही. मी तेथे असताना त्यांना इस्पितळात नेऊन कानांची तपासणी करून घेतली. डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखविला, त्यात उंच स्वरांपाशी रेघ दरीत उतरावी तशी खाली गेली होती. श्रवणयंत्राने उपयोग होईल असे त्या म्हणाल्या. 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांना श्रवणयंत्र फुकट मिळते. वय 60. काका सत्तावन्न. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असल्यास वयाची अट नसलेली दुसरी योजना आहे, त्या दाखल्याचा अर्ज आम्ही केला आहे.

सध्या घर चालते ते दादाच्या, म्हणजे चुलतभावाच्या, पगारावर आणि काकूच्या कात्रीवर. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे घरी येतात. पाठीमागचे सुटे धागे कापायचे, कधी खडे चिकटवायचे. दर नगावर. खिडकीपाशी बसून काकू दिवसभर हे काम करते आणि संध्याकाळी डोळ्यांवर ओले फडके ठेवते. हे पाहताना मला आपल्या निपाणीची आठवण झाली. आपल्याकडेही बायका घरीच बसून सुपात पाने घेऊन विड्या वळतात. त्यांनाही मालकाचे तोंड क्वचित दिसते. पण विडी उद्योगाला 1977 साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू झाला. कारखानदार न्यायालयात गेले, की घरी काम करणाऱ्या बायका आमच्या कामगार नव्हेत. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कामगारच आहेत असा निकाल दिला. आमच्या गल्लीतल्या एका आजींना त्यामुळे पेन्शन मिळते. हजार रुपयांच्या जवळपास, पण दर महिन्याला, आणि मुलाला न विचारता. काकूने साडीचे धागे कापणे आणि आजींनी विडी वळणे यांत कामाच्या दृष्टीने फरक काय? फरक एवढाच की एकीच्या मागे कायदा, संघटना आणि कोर्टाचा निकाल आहे.

यंत्रमागाला असे काही करता येणार नाही का? महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांना संघटित केले त्या हमालांना तर एक मालकच नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे. तेव्हा वीस कामगारांची अट तेथे निरर्थक होती. कायद्याने मंडळ स्थापन केले, व्यापाऱ्यांनी मजुरी मंडळाकडे भरावयाची आणि तिच्यावर ठराविक टक्के अधिभार. त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजा. कामगार किती, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. सुरतेचे खाते तीन नावांत विभागता येईल, पण त्यातून निघालेला कापडाचा तागा शेवटी एका व्यापाऱ्याच्या दुकानातच जातो. अधिभार तेथे, मीटरवर, बसविला तर शेजाऱ्याकडे काम जाण्याची भीती राहत नाही आणि शेठलाही तक्रारीला जागा उरत नाही. माझ्या मते हाच मार्ग व्यवहार्य आहे. माथाडी मंडळांतही दोष शिरले असे म्हणतात, शिरले असतीलही. पण तेथल्या म्हाताऱ्या हमालाच्या हाती निवृत्तीच्या दिवशी काही रक्कम पडते, हे नाकारता येत नाही.

दादा बत्तीस वर्षांचा आहे, त्याच्यासाठी दार अजून उघडे आहे. त्याला मी श्रमयोगी योजनेचा हिशेब मांडून दाखविला. बत्तीसाव्या वर्षी दरमहा 120 रुपये, तेवढेच सरकार घालणार. अठ्ठावीस वर्षांत त्याचे स्वतःचे 40,320 भरले जातील आणि साठीनंतर महिना 3,000 मिळतील, म्हणजे चौदाव्या महिन्यात भरलेले सारे वसूल. ऐकायला उत्तम. मात्र महागाई दरसाल सहा टक्के धरली तर त्या वेळच्या 3,000 रुपयांची किंमत आजच्या 587 रुपयांइतकी भरते, हेही मी लिहून दाखविले, कारण अर्धा हिशेब सांगणे बरे नव्हे. दादाने थोडा विचार केला आणि तरीही सुविधा केंद्रात जाऊन खाते उघडले.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी स्टेशनजवळच्या दुकानातून मी त्याच्यासाठी कानात घालण्याचे रबरी बोळे आणले, चाळीस रुपयांना जोडी. त्याने ते पाळीला नेले आणि सकाळी परत आणले. म्हणाला, "अरे, सांच्याचा ठेका बिघडला की आधी कानालाच कळतं. धागा तुटला आणि मी ऐकलं नाही तर तागा डागी होतो. डागाचे पैसे माझ्या मीटरातून जातात." बोळे त्याने काकूच्या शिवणाच्या डब्यात ठेवले. आठवड्यातून एकदा, जॉबर सांचे तेलपाणी करतो आणि विणणे बंद असते त्या दोन तासांत, ते घालीन असे त्याने कबूल केले आहे.